मातीची धूप आणि पावसातले बेरिलियम

भूगोलाच्या पुस्तकात मातीची धूप हा धडा वर्षानुवर्षे आहे. झाडे तोडली की धूप वाढते, उतारावर ती जास्त होते, गवताने कमी होते, हे मुले परीक्षेत बिनचूक लिहितात. पण एखाद्या मुलाने ‘किती होते?’ असे विचारले तर? धूप होते हे सांगणे सोपे आहे. ती किती होते हे मोजणे विलक्षण अवघड आहे. हे मोजमाप करायला माणूस कसा शिकला याची हकिकत मोठी रंजक आहे. तिचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतून जातो, आणि गंमत अशी की तिथल्या मंडळींच्या मनात त्या वेळी शेतातल्या मातीचा विचारही नव्हता.

उदाहरणासाठी आपण कणकवली घेऊ. गड आणि जानवली या दोन नद्यांच्या सोबतीने हे गाव वसले आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला मालवणचा किनारा. गड नदी पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मिरगाचा पाऊस लागला की व्हाळ लाल होतात, त्यांच्यामागून नद्या लाल होतात. पुलावर उभ्या राहिलेल्या कोणालाही दिसते की डोंगरावरची माती समुद्राकडे चालली आहे. पण कोणत्या डोंगरावरची? नाचणीसाठी उकरलेल्या वरकस जमिनीची, की काजूच्या बागेतली? की ती मुळी डोंगरावरची नाहीच, नदीचा काठच ढासळतो आहे? पाण्याचा रंग यातले काहीच सांगत नाही.

आता थोडे गणित करू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. एवढ्या जमिनीवरून मातीचा केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर दहा घनमीटर माती गेली. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १.३ टन धरले तर ही माती झाली १३ टन. म्हणजे एक मोठा ट्रक भरून! पण एक मिलिमीटर म्हणजे नाण्याच्या जाडीहूनही कमी. शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो फरक दिसणे शक्य नाही. नांगरटीने जमीन याच्या कितीतरी पट खालीवर होत असते. वीस वर्षांनी मुळे उघडी पडतात, बांधाचा दगड वर आल्यासारखा दिसतो, तेव्हा काय झाले ते कळते. तोवर हिशेब चुकता करायची वेळ गेलेली असते.

वाफे, हौद आणि सोलापूर

धूप मोजण्याचा पहिला मार्ग अगदी सरळ होता. उतारावर एक लांबट वाफा आखायचा, त्याच्या कडेने पत्रे किंवा फळ्या पुरायच्या, म्हणजे बाहेरचे पाणी आत येणार नाही. खालच्या टोकाला एक हौद बांधायचा. पावसानंतर हौदातले पाणी मोजायचे, गाळ वाळवायचा आणि तोलायचा. जर्मनीत एवाल्ड वोल्नी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा प्रकारचे प्रयोग केले. अमेरिकेत मिसुरी राज्यात मिलर यांनी १९१७ मध्ये पद्धतशीर वाफे आखले. पुढे तिकडच्या वाफ्याचे माप ठरून गेले. लांबी ७२.६ फूट, रुंदी ६ फूट. हे माप असे विचित्र का? गुणाकार केला की उत्तर येते ४३५.६ चौरस फूट, म्हणजे बरोबर एक शतांश एकर. हौदातल्या गाळाच्या वजनाला शंभराने गुणले की एकरी हिशेब तयार!

आपल्याकडे हे काम मुंबई इलाख्यात सुरू झाले. १९२३ पासून पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू होते. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे मोठी संशोधन योजना सुरू झाली. तिच्याशी ना. वि. कानिटकर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. दुष्काळी भागात पडणाऱ्या पावसातले किती पाणी जमिनीत मुरते, किती वाहून जाते आणि जाताना किती माती नेते, हे तिथे मोजून पाहिले गेले. त्याआधी बांधबंदिस्ती ही अनुभवाची गोष्ट होती. मोजमापाने तिला आकड्यांचा आधार मिळाला. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांध घालण्याचे काम सरकारी पातळीवर सुरू झाले.

अमेरिकेतल्या अनेक वाफ्यांची आकडेवारी एकत्र करून विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये एक सूत्र मांडले. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, पीक आणि बांधबंदिस्ती यांचे आकडे घालायचे, की वर्षाला हेक्टरी किती टन माती जाईल याचा अंदाज मिळतो. अशाच अंदाजांच्या आधारे ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी १९८३ मध्ये भारताचा हिशेब मांडला. दर हेक्टरी सरासरी १६.३५ टन, आणि साऱ्या देशाची मिळून सुमारे ५३३ कोटी टन माती दरवर्षी जागची हलते. त्यातली २९ टक्के कायमची समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साचते आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन पडते. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवू. धूप म्हणजे सगळी माती समुद्रात जाणे नव्हे. बरीचशी माती वाटेत कुठेतरी, उताराच्या पायथ्याशी, मळ्यात, व्हाळाच्या वळणावर थांबते. एकाचे नुकसान ते कधी कधी दुसऱ्याचे खत असते.

वाफ्याच्या पद्धतीची मर्यादा इथेच आहे. वाफा सांगतो तो त्या २२ मीटर लांबीच्या तुकड्याचा हिशेब. शेजारच्या डोंगराचे काय, हे तो सांगत नाही. माती मध्येच कुठे थांबली, हेही सांगत नाही. शिवाय सोलापूरच्या काळ्या, सपाट, सातशे मिलिमीटर पावसाच्या जमिनीचे आकडे उचलून जांभ्याच्या उतारावर, चौपट पावसात लावता येत नाहीत. दर डोंगरावर वाफे आणि हौद बांधून दहा-वीस वर्षे थांबणे कोणाला परवडणार? मग दुसरा मार्ग कोणता? मातीलाच खूण करता आली तर? मातीच्या वरच्या थरावर सगळीकडे सारखा, मातीला घट्ट चिकटणारा आणि नंतर मोजता येणारा एखादा पदार्थ शिंपडता आला, तर जिथे तो कमी सापडेल तिथून माती गेली आणि जिथे जास्त सापडेल तिथे येऊन पडली, असे म्हणता येईल. अशा माग काढून देणाऱ्या पदार्थाला शास्त्रज्ञ ट्रेसर म्हणतात. पण सगळ्या डोंगरांवर तो शिंपडणार कोण?

याचे उत्तर असे, की पाऊस तो युगानुयुगे शिंपडतोच आहे. हे आपल्याला कळले मात्र १९५५ च्या सुमारास.

विश्वकिरणांचा मागोवा

होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. संस्थेच्या पहिल्या दिवसांपासून तिथला एक प्रमुख विषय होता विश्वकिरण. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे कण पृथ्वीच्या वातावरणावर अखंड आदळत असतात, त्यांना हे नाव आहे. १९५१ च्या सुमारास या संस्थेत बर्नार्ड पीटर्स नावाचे शास्त्रज्ञ दाखल झाले. त्यांची कहाणी त्या काळाची साक्ष देणारी आहे. जन्म १९१० चा, नाझींच्या अमदानीत डाखाऊच्या छळछावणीत कैद, तिथून सुटून अमेरिका, तिथे ओपेनहायमर यांच्याकडे शिक्षण. पुढे अमेरिकेत डाव्या विचारांच्या लोकांवर संशयाचे सत्र सुरू झाले, त्यात तेही सापडले. तिथे काम करणे अशक्य झाल्यावर ते मुंबईला आले आणि जवळजवळ ते सारे दशक इथे राहिले.

पीटर्स यांच्या डोक्यात एक प्रश्न होता. विश्वकिरणांतले कण हवेतल्या नायट्रोजन व ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळले की त्या केंद्रांच्या ठिकऱ्या उडतात. त्या ठिकऱ्यांमध्ये बेरिलियम या हलक्या मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी समस्थानिक असले पाहिजेत. बेरिलियम-१० अतिशय दीर्घायुषी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे आहे असे आज आपण मानतो. ते सागराच्या तळाशी साचत असेल, तर त्याच्या मदतीने तळावरच्या गाळाचे वय काढता येईल, अशी कल्पना त्यांनी १९५५ मध्ये मांडली. दुसरे बेरिलियम-७. ते मात्र अल्पायुषी. त्याचे अर्धायुष्य फक्त ५३ दिवस.

हवेत उंचावर तयार झालेले बेरिलियम धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटते आणि पावसाबरोबर खाली येते. तेव्हा ते शोधायचे तर पावसाच्या पाण्यात. शिकागोत जेम्स अरनॉल्ड आणि अल-सालिह यांना १९५५ मध्ये पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ सापडले. मुंबईच्या संस्थेतून गोयल, झा, लाल, राधाकृष्ण आणि रामा या पाच जणांनी पावसाच्या पाण्यातल्या बेरिलियमवरचा आपला निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. यातले देवेंद्र लाल हे वाराणसीत जन्मलेले, तेव्हा सत्ताविशीच्या आतबाहेरचे तरुण. पुढे ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे काम किती नाजूक आहे याची कल्पना यावी म्हणून पुन्हा थोडे गणित करू. एक लिटर पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ चा किरणोत्सर्ग साधारण एक बेकरेल असतो असे धरा. म्हणजे दर सेकंदाला एक अणू फुटतो. ५३ दिवसांच्या अर्धायुष्यावरून हिशेब केला तर त्या लिटरभर पाण्यात बेरिलियम-७ चे सुमारे ६६ लाख अणू असतात. सहासष्ट लाख हा आकडा मोठा वाटतो. पण कणकवलीच्या एका चौरस मीटरवर पावसाळाभर पडणारे तीन हजार लिटर पाणी एकत्र केले तरी त्यातल्या या साऱ्या अणूंचे वजन एका ग्रॅमच्या चार लाख कोटी भागांपैकी एका भागाएवढे भरेल! जगातला कोणताही तराजू ते तोलू शकत नाही. ओळखायचे ते केवळ फुटताना बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून, आणि तेही शंभरातले दहाच अणू गॅमा किरण सोडतात. म्हणजे लिटरमागे मिनिटाला सहा किरण. म्हणूनच भरपूर पाणी जमवायचे, रासायनिक क्रियांनी त्यातले बेरिलियम वेगळे काढायचे आणि मग मापकाजवळ ठेवून तासन्तास मोजत बसायचे.

वर्गात हा भाग सांगताना मुले एक प्रश्न हमखास विचारतील, पावसात भिजणे मग धोक्याचे का? मुळीच नाही. आपल्या शरीरात असलेल्या पोटॅशियममुळेच मोठ्या माणसाच्या अंगात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. त्यापुढे पावसातला हा एक अणू काहीच नव्हे.

मुंबईच्या गटाने यानंतर फॉस्फरस-३२, गंधक-३५ असे इतरही अल्पायुषी समस्थानिक पावसात मोजले. त्यांचा हेतू होता हवेचा अभ्यास. स्थितांबरातली हवा खाली यायला किती दिवस लागतात, ढग हवा कशी धुऊन काढतात, हे प्रश्न त्यांना सोडवायचे होते. लाल आणि पीटर्स यांनी १९६७ मध्ये या विषयावर लिहिलेले विस्तृत प्रकरण जगभरच्या अभ्यासकांचा आधारग्रंथ ठरले. बेरिलियम-७ जमिनीवर पडल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र अजून कोणी गंभीरपणे घेतला नव्हता.

शिशाची दुसरी वही

पावसातून येणारा दुसरा नैसर्गिक ट्रेसर आहे शिसे-२१०. त्याचा उगम आकाशात नसून जमिनीत आहे. प्रत्येक खडकात आणि मातीत थोडे युरेनियम असते. त्याच्या वंशावळीत रेडियम येते आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो. वायू असल्यामुळे तो मातीच्या फटींतून हवेत निसटतो. त्याचे अर्धायुष्य अवघे ३.८ दिवस. हवेतच त्याचे रूपांतर होत होत शिसे-२१० बनते. तेही धुळीला चिकटून पावसाबरोबर जमिनीवर परत येते. याचे अर्धायुष्य आहे सुमारे २२ वर्षे. जमिनीत राहिलेल्या रेडॉनपासूनही शिसे-२१० बनत असते, पण मातीतले रेडियम मोजून तेवढा भाग वजा करता येतो. उरते ते आकाशातून आलेले ‘जादा’ शिसे.

इथेही मुंबईची नावे भेटतात. पावसाच्या निबंधातल्या पाच जणांपैकी रामा यांनी कोइडे आणि गोल्डबर्ग यांच्यासह १९६१ मध्ये नैसर्गिक पाण्यातल्या शिसे-२१० चा अभ्यास प्रसिद्ध केला. गोल्डबर्ग यांनी १९६३ मध्ये या शिशाचा उपयोग अलीकडच्या शंभरेक वर्षांचे वय काढण्यासाठी करता येईल असे दाखवले. आणि १९७१ मध्ये मुंबईचे एस. कृष्णस्वामी व लाल यांनी मार्टिन आणि मेबेक या फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर तळ्यांच्या गाळाचे वय शिशावरून काढण्याची पद्धत मांडली. तळ्याच्या तळाशी गाळाचे थर एकावर एक साचतात. खाली जावे तसे शिसे-२१० कमी होत जाते. किती कमी झाले यावरून तो थर किती वर्षांपूर्वीचा ते कळते. तळ्यात गाळ कोणत्या दशकात वेगाने साचला हे कळले, की भोवतालच्या डोंगरांची धूप केव्हा वाढली हेही कळते. ही पद्धत आज जगभर वापरली जाते.

रामा यांनी १९७० मध्ये आणखी एक सुंदर गोष्ट दाखवली. समुद्राच्या पृष्ठभागातून रेडॉन फारच थोडा निघतो. त्यामुळे हवेत रेडॉन कमी असेल तर ती हवा समुद्रावरून आली, जास्त असेल तर जमिनीवरून आली, असे ओळखता येते. नैर्ऋत्य मोसमी वारे कुठून कसे येतात याचा माग त्यांनी रेडॉनवरून काढला. कोकणात शिसे मोजणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो, तेव्हा त्यातल्या शिशाचे प्रमाण युरोपच्या पुस्तकातून उचलून चालणार नाही.

बॉम्बची राख आणि मातीचे अभ्यासक

हवेचे अभ्यासक आणि मातीचे अभ्यासक यांची गाठ घालून दिली ती एका अनिष्ट गोष्टीने. १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत अणुबॉम्बच्या असंख्य चाचण्या केल्या. त्यांतून निघालेली किरणोत्सर्गी राख पावसाबरोबर साऱ्या जगावर पडली. तीत सीझियम-१३७ होते, अर्धायुष्य ३० वर्षे. हे सीझियम चिकणमातीला असे घट्ट चिकटते की पाण्याने सुटत नाही. मेंझेल यांनी १९६० मध्ये दाखवले की राखेतले स्ट्रॉन्शियम शेतातून वाहणाऱ्या पाण्याबरोबर जाते. त्यानंतर अमेरिकेच्या कृषी खात्यातले रिची आणि मॅकहेन्री यांनी सीझियम हा मातीचा ट्रेसर म्हणून रूढ केला. वाफा नको, हौद नको, वर्षानुवर्षांची वाट पाहणे नको. एकदा जाऊन मातीचे नमुने घ्यायचे आणि गेल्या काही दशकांचा हिशेब वाचायचा!

पण या ट्रेसरचे आयुष्य मर्यादित आहे. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला आणि राखेचा वर्षाव ओसरला. त्यानंतर साठ वर्षे म्हणजे दोन अर्धायुष्ये उलटली. त्या वेळी पडलेल्यापैकी जेमतेम पाव भाग आता उरला आहे. मग अभ्यासकांचे लक्ष कधीही न आटणाऱ्या नैसर्गिक ट्रेसरांकडे वळले. ऑस्ट्रेलियात वॉलब्रिंक आणि मरे यांनी १९९३ मध्ये, तर इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात ब्लेक, वॉलिंग आणि हे यांनी १९९९ मध्ये बेरिलियम-७ वापरून धूप मोजण्याच्या रीती मांडल्या. शिसे-२१० वरचे एक्सेटरचे कामही त्याच सुमाराचे. पावसात बेरिलियम सापडल्यापासून ते शेतात उपयोगी पडेपर्यंत चाळीस वर्षे गेली. मूलभूत संशोधनाचा ‘उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.

हिशेब कसा मांडतात

रीत समजायला सोपी आहे. पावसाबरोबर आलेले बेरिलियम मातीच्या कणांना लगेच चिकटते आणि वरच्या काही मिलिमीटरांतच अडकून राहते. दोन सेंटिमीटरच्या खाली ते जवळजवळ नसतेच. पहिल्यांदा अशी जागा शोधायची, की जिथून माती गेलीही नाही आणि आलीही नाही. सपाट, गवताळ, न नांगरलेली. गावात असा एखादा देवळाजवळचा मोकळा माळ बहुधा मिळतो. शाळेचे पटांगण चालणार नाही, ते झाडले जाते, त्यावर भराव पडतो. दाट झाडीखालची जागाही चालणार नाही, कारण पाऊस आधी पानांवर पडतो. या माळावर दर चौरस मीटरला जेवढे बेरिलियम सापडेल तो आपला मूळ भरणा. मग उतारावर ठिकठिकाणी तेच मोजायचे.

समजा, उतारावर मूळ भरण्याच्या ८० टक्केच बेरिलियम सापडले, म्हणजे वीस टक्के गेले. बेरिलियम खोलीप्रमाणे कसे घटत जाते हे ठाऊक असले की वीस टक्के घालवायला किती माती जावी लागेल हे काढता येते. दर चौरस मीटरला वरच्या पाच किलो मातीच्या मापाने ते घटत असेल, तर उत्तर येते सुमारे १.१ किलो. म्हणजे हेक्टरी ११ टन. जाडीत सांगायचे तर एक मिलिमीटरहूनही कमी! डोळ्याला न दिसणारा थर अणूंनी मोजला. पायथ्याशी जर ११० टक्के सापडले, तर वरून आलेली माती तिथे बसली असे समजायचे.

कोकणातल्या ऋतुचक्राचा इथे एक फायदा आहे. पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि पुढचा जूनमध्ये येतो. मधल्या आठ महिन्यांत, म्हणजे सुमारे २४० दिवसांत, बेरिलियम-७ ची साडेचार अर्धायुष्ये होतात. शंभरातले चार-पाचच अणू शिल्लक राहतात. कोरड्या धुळीबरोबर थोडे येते, पण एकूण पाहता दर मिरगाला पाटी जवळपास कोरी असते. पहिल्या पावसात काय झाले हे त्या पाटीवर स्वच्छ उमटते. अडचणही कोकणाच्या पावसाचीच. आषाढात दिवसेंदिवस झड लागते, तेव्हा माती जात असतानाच नवे बेरिलियम येत असते. म्हणून पावसाच्या एकेका सरीसाठी आधी आणि नंतर नमुने घ्यावे लागतात आणि शेजारी भांडे ठेवून पाऊसही गोळा करावा लागतो. शिसे-२१० चे तसे नाही. त्याची स्मृती शंभर वर्षांची. बेरिलियम ही रोजमेळाची वही म्हटली, तर शिसे ही खातेवही आहे.

प्रत्यक्ष मोजणी मात्र शाळेत होणारी नाही. द्रव नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियमचा मापक, शिशाच्या विटांचे जाड कवच आणि एकेका नमुन्यासाठी दिवसदिवस लागणारी मोजणी, हे मोठ्या प्रयोगशाळेचेच काम आहे.

कणकवलीला याचे काय?

सुरुवातीचा प्रश्न आता पुन्हा घेऊ. गडनदीतला गाळ कुठला? नदीतला गाळ गाळून घेतला आणि त्यात बेरिलियम-७ भरपूर सापडले, तर ती माती जमिनीच्या वरच्या थरातली, उतारांवरची. बेरिलियम अगदीच नसले, तर ती खोलातली. म्हणजे ढासळलेला काठ, ओहोळाने पाडलेली घळ किंवा खोदकामाचा भराव. दोन्ही वेळी पाणी सारखेच लाल दिसते, पण उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्या ठिकाणी गवत, आच्छादन आणि समतल चर हवेत, दुसऱ्या ठिकाणी काठाची बांधबंदिस्ती हवी. चुकीच्या जागी चर खणले तर गावाचे श्रम आणि पैसे वाया जातात आणि माती जायची ती जातेच.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर मुळातच पातळ असतो. तो गेला की खाली कातळ. तो पुन्हा तयार व्हायला हजारो वर्षे लागतात. इथल्या पूर्वजांनी उतार फोडून भाताच्या मजग्या बांधल्या त्या माती अडवण्यासाठीच. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला आणि मैल्याचे सोनखत करून ते जमिनीला परत देण्याचा प्रयोग आयुष्यभर केला. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत द्यावे, ही त्यामागची दृष्टी होती. पण ज्या जमिनीला द्यायचे ती जमीनच वाहून गेली तर? १९९० पासून रोजगार हमीच्या जोडीने फळबाग योजना आली आणि वरकस जमिनींवर काजू-आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. बागेखाली गवत राखले तर धूप घटते, तण काढून जमीन उघडी ठेवली तर ती वाढते, एवढे सर्वांना पटते. कोणत्या उतारावर किती, हे मोजून मिळाले तर बागायतदाराला त्याच्या बागेपुरते ठोस काही सांगता येईल.

धूप पूर्वीपेक्षा वाढली का, याचे उत्तर जुन्या तलावांच्या तळाशी मिळू शकते. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला मानला जातो. जिथे गाळ उपसलेला नाही अशा तळ्यातल्या गाळाचा उभा नमुना घेतला, तर शिशाच्या खातेवहीत गेल्या शंभर वर्षांची नोंद वाचता येते.

वर्गासाठी

मापक नसला तरी या विषयाचा पहिला भाग शाळेला करता येतो. जूनपासून दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, पुलावरून दोरीने बादली सोडून, नदीचे एक लिटर पाणी घ्यावे. मुलांना काठावर उतरू देऊ नये. पाणी दोन दिवस स्थिर ठेवावे, निवळी ओतून टाकावी, गाळ वाळवून सोनाराच्या किंवा प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलावा. समजा, लिटरमागे अर्धा ग्रॅम गाळ मिळाला आणि नदीतून सेकंदाला ५० घनमीटर पाणी वाहत आहे. तर सेकंदाला २५ किलो, म्हणजे तासाला ९० टन माती पुलाखालून जाते. पाण्याचा वेग करवंटी सोडून मोजता येतो, पात्राची रुंदी आणि खोली उन्हाळ्यात मोजून ठेवता येते.

पहिल्या पावसाचे, आषाढातल्या झडीचे आणि भाद्रपदातल्या सरींचे आकडे एका आलेखावर मांडावेत. सर्वांत जास्त पाऊस पडतो त्याच आठवड्यात सर्वांत जास्त माती जाते का, हे मुलांना आधी ओळखायला सांगावे आणि मग मोजून पाहावे. नमुन्यांचा वाळलेला गाळ तारीख लिहून बाटल्यांत भरून ठेवावा. त्यातले बेरिलियम पुढच्या मिरगापर्यंत जवळपास निघून जाईल, पण शिसे टिकेल. एखाद्या प्रयोगशाळेचे दार उघडले, तर शाळेच्या कपाटातल्या त्या बाटल्यांचा उपयोग होईल.